मोडीतली कळशी, टेबलावरचा दिवा

(ज्यांना बसमध्ये इअरफोन सापडत नाहीत त्यांच्यासाठी या भागाचा हा लिखित अवतार. 'अं', 'म्हणजे काय ना' आणि मधे वाजलेली शेजारच्यांच्या कुकरची शिट्टी काढून टाकली आहे. बाकी जसं बोलले तसंच.)

मागच्या भागात बोलता बोलता सांगून गेले, की शनिवार-रविवारी मी जुन्या भांड्यांचे दिवे करून विकते. मला वाटलं हे कुणाच्या लक्षातही राहणार नाही. पण त्या भागावर जेवढे मेसेज आले, त्यातले निम्मे मूळ विषय सोडून यावरच. 'कुठून आणतेस?', 'किती सुटतात?', 'नोकरी सोडणार का?' आणि एकीचा, 'माझ्या आजीची भांडी माळ्यावर पडलीयेत, देऊ का?' तर आजचा पूर्ण भाग यावर. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मात्र मी जरा उशिरा देणार आहे, कारण तिथेच माझ्या हातून सगळ्यात मोठी चूक झाली होती.

आधी शब्दाचं बघू. इन्स्टावर सगळे अपसायकलिंग म्हणतात. भांडं भट्टीत वितळवलं आणि त्याचा नळ झाला, तर ते रिसायकलिंग. भांडं भांडंच राहिलं, पण त्याला दुसरं काम मिळालं, तर ते अपसायकलिंग. शब्द नवा आहे, गोष्ट नाही. जुन्या लुगड्यांची गोधडी शिवणाऱ्या आपल्या आज्या-पणज्यांनी यावर कधी रील केलं नाही, एवढंच.

एवढं सामान येतं कुठून?

मला सुरुवातीला हेच कळत नव्हतं, की बाजारात इतकं पितळ आहे कसं. मग घरातल्या मोठ्या माणसांना विचारत गेले तेव्हा चित्र स्पष्ट झालं. पितळेच्या भांड्यात आंबट काही शिजवायचं तर आतून कल्हई लागते. भांडं तापवायचं, नवसागर टाकायचा, कथील फिरवायचं आणि कापसाच्या बोळ्याने पुसत न्यायचं. ते दर काही महिन्यांनी. मग स्टेनलेस स्टील आलं. कल्हई नको, चिंच-राख घेऊन घासत बसायला नको. घरोघरी पितळ-तांबं मोडीत देऊन स्टीलचे डबे घेतले गेले. घरात नळ आला, हंडा-कळशीचं काम संपलं. गॅस आणि गीझर आला, बंब बाद झाला. न्हाणीघराचं बाथरूम झालं आणि घंगाळाला जागाच उरली नाही. गिऱ्हाईक कमी झालं तसा कल्हईवाला दारावर यायचा बंद झाला, आणि जी भांडी घरात उरली होती तीही वापरता येईनात. असं ते एकात एक अडकलेलं आहे.

म्हणजे ही भांडी मोडली म्हणून बाहेर गेली नाहीत. चांगली होती, फक्त त्यांचं काम गेलं. माझ्या धंद्याचा सगळा पाया या एका वाक्यात आहे. जे मोडलंय ते दुरुस्त करायला कारागीर लागतो. ज्याचं काम गेलंय त्याला फक्त काम शोधून द्यायचं असतं, आणि तेवढं मला जमतं.

पुण्यात राहणाऱ्यांनी एकदा राजा दिनकर केळकर संग्रहालयात नक्की जा. दिनकर केळकरांचा घरचा व्यवसाय चष्म्याचा, 'अज्ञातवासी' नावाने कविता करायचे, आणि आयुष्यभर त्यांनी काय गोळा केलं? तर दिवे, अडकित्ते, दौती, कुलपं, स्वयंपाकघरातली भांडी. ज्या वस्तूंना लोक 'यात काय ठेवायचंय' म्हणतात त्या. लहानपणी गेलेल्या आपल्या मुलाचं नाव त्यांनी त्या संग्रहाला दिलं. मी शाळेच्या सहलीत तिथे कंटाळले होते. अलीकडे परत गेले तेव्हा अडकित्त्यांच्या कपाटासमोरच अर्धा तास गेला.

जुना बाजार, लोहचुंबक आणि वजनकाटा

माझी मुख्य खरेदी पुण्याच्या जुन्या बाजारात होते. बुधवारी आणि रविवारी भरतो. बुधवारी मला ऑफिस, त्यामुळे रविवार. मुंबईकरांना चोर बाजार माहीत असेलच, पण तिथे मला दर परवडत नाहीत. तिथे वस्तूला 'अँटिक' हा शब्द आधीच चिकटलेला असतो.

पिशवीत दोन गोष्टी ठेवते. एक लोहचुंबक आणि एक हातात धरून वजन करायचा छोटा काटा. प्रवासाच्या बॅगेसाठी मिळतो ना, तोच. चुंबक चिकटला तर ते पितळ नाही, लोखंडावर दिलेला मुलामा आहे. चिकटला नाही म्हणून पितळच असं मात्र नाही. पत्रा वेगळ्याच धातूचा असू शकतो, वरून पिवळा. मग हातात घेऊन वजन बघायचं आणि बुडाची झिजलेली कड बघायची. कडेला आतून पांढरं दिसलं तर खाली ठेवायचं. एकदा मी मोठ्या खुशीत एक डबा आणला आणि घरी आल्यावर आईने टिचकी मारून सांगितलं, 'हे जर्मन आहे गं.' जर्मन म्हणजे ॲल्युमिनियम. वरून सोनेरी रंग मारलेला. तीनशे रुपये गेले.

भाव कसा ठरतो हे समजायला मला चार रविवार लागले. विकणाऱ्याच्या डोक्यात दोन भाव असतात. एक वजनाचा, एक नगाचा. त्याच्याकडे माल मोडीच्या भावाने आलेला असतो. कुणी घेतला नाही तर तो भट्टीकडे जाणार, आणि तिथे किलोमागे काय मिळतं हे त्याला तोंडपाठ असतं. त्याच्या खाली तो येणारच नाही, आणि का यावं? तो म्हणतो, "ताई, शंभर वर्षं जुनं आहे, पाच हजार." मी म्हणते, "काका, काट्यावर घालू." काट्यावर २.४ किलो भरतं. मग बोलणं किलोवर येतं आणि आपण जमिनीवर येतो. माझ्या कळशीला मी ६५० रुपये किलोने पैसे दिले. त्या आठवड्यात मोडीला ५०० च्या आसपास भाव होता. मधले दीडशे रुपये म्हणजे त्यांनी ती भट्टीपासून वाचवून माझ्यासाठी बाजूला ठेवल्याचे. मला ते जास्त वाटत नाहीत.

पितळेचं एक बरं असतं. काहीच विकलं गेलं नाही तरी मोडीत जाऊन अर्ध्याच्या वर पैसे परत येतात. लाकडाचं तसं नाही. सागवानी पाट, जुन्या दाराच्या फळ्या, खुंट्या दिसायला झकास, पण विकल्या गेल्या नाहीत तर सरपण. आणि भुंगेरा लागलेला असेल तर घरातल्या बाकी फर्निचरलाही प्रसाद. पाट उचलून जमिनीवर ठोकायचा. भोकांतून ताजी बारीक पूड पडली, तर आत कुणीतरी अजून जेवतंय.

आता हिशेब

हे ऐकायला तुम्ही थांबला आहात, माहितीये. माझी पहिली विकली गेलेली वस्तू म्हणजे हीच कळशी. तिचा टेबलावरचा दिवा केला. कळशी १,५६० रुपये. होल्डर, वायर, स्विच, प्लग मिळून २८०. वरची शेड आयती आणली, ४५०. लॅकर आणि साफसफाईचं सामान ६०. खोका, थर्माकोल, बबल रॅप १८०. एकूण २,५३०. मी विकला ३,०००ला आणि रात्री घरच्यांना आइस्क्रीम दिलं. ४७० रुपये नफा!

मग मी तेच केलं जे ऑफिसात करते. वेळ लिहून काढला. बाजारात तीन तास गेले होते, पण त्यात चार वस्तू आणल्या, म्हणून एकीच्या वाट्याला पाऊण तास. साफसफाई दोन तास. वायरिंग एक. फोटो काढून टाकणं एक. 'अव्हेलेबल आहे का', 'लास्ट प्राइस सांगा', 'निळ्या रंगात मिळेल का' या मेसेजना उत्तरं देण्यात दीड तास. बांधणी अर्धा. पावणेसात तास झाले. ४७० भागिले पावणेसात, म्हणजे तासाला सत्तर रुपये. शिवाय त्या चारांपैकी एक वस्तू आजतागायत विकली गेलेली नाही. ती धरली तर मी लोकांना पैसे देऊन दिवे वाटत होते.

आता मी तासाचे २५० धरते. पावणेसात तासांचे साधारण १,६९० होतात. खर्चात मिळवले की ४,२२०. त्यावर दहा टक्के, न विकल्या जाणाऱ्या आणि बिघडणाऱ्या मालासाठी. ४,६४० पर्यंत जातं. मी ४,८०० सांगते. पहिल्यांदा हा आकडा टाइप करताना बोटं थरथरली होती. गंमत म्हणजे 'लास्ट प्राइस' वाले मेसेज कमी झाले. ३,०००ला घेणारी माणसं घासाघीस करत होती, ४,८००ला घेणारी माणसं 'याचं बूड कसं साफ करायचं' असं विचारतात.

कुरिअरचे पैसे मी वेगळे घेते. पितळ जड असतं आणि 'फ्री शिपिंग' लिहिण्याच्या मोहात मी दोन महिने फुकट राबले.

एवढं चमकवू नका

साफसफाईत नवीन माणूस हमखास चुकतो. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. काळपट थर काढायला आंबट लागतं. चिंच, लिंबू, कोकम, वर मीठ, किंवा सरळ पीतांबरी. हे सगळं ठीक. पण लवकर व्हावं म्हणून भांडं रात्रभर आम्लात बुडवून ठेवलं, तर वरवरचं जस्त आधी निघून जातं आणि तांबं मागे राहतं. सकाळी बघाल तर कळशी गुलाबी. माझी झाली होती. मला वाटलं मी काहीतरी शोध लावला. मग परत घासून घासून ती पिवळी करावी लागली, म्हणजे जे पितळ वाचवायचं तेच घासून कमी केलं. दहा मिनिटं लावा, धुवा, बघा, परत लावा. धुतल्यावर लगेच कोरडं करा, नाहीतर पाण्याचे डाग पडतात.

आणि आरशासारखं चमकवायलाच हवं का? तांबट आळीतल्या भांड्यांवर मठारकाम असतं. हातोडीचे एकसारखे ठोके, त्यावर उजेड तुटून तुटून पडतो. बफिंगच्या चाकावर नीट लक्ष न देता धरलं तर ठोक्यांच्या कडा बोथट होतात. यंत्रावर केलेल्या नव्या भांड्यासारखं गुळगुळीत करायचं असेल तर नवीनच घ्या ना.

ती चूक

आता ते, ज्याबद्दल उशिरा बोलेन म्हटलं होतं.

धंदा सुरू करून पाच-सहा महिने झाले होते. आईच्या ओळखीतल्या एक काकू तांब्याचा हंडा घेऊन आल्या. त्यांच्या आईचा. भावाने गावचं घर विकायला काढलं, तेव्हा त्यांनी फक्त हा हंडा मागून घेतला होता. म्हणाल्या, "हॉलमध्ये दिवा करून ठेवायचाय. छान कर हं." मी 'छान'चा अर्थ माझ्या इन्स्टाच्या हिशेबाने लावला. हंडा काळा पडला होता, मला त्या आठवड्यात ऑफिसचं रिलीज होतं, म्हणून मी तो बफिंगवाल्या दादांकडे टाकला. तीन दिवसांनी आणला तेव्हा असा चमकत होता की मी आधी त्याच्यासोबत सेल्फी काढला.

काकू घ्यायला आल्या. बघून 'अय्या' म्हणाल्या. मग त्यांनी हंडा फिरवला, गळ्याच्या खाली एका जागी बोट ठेवलं आणि ते बोट पुढे-मागे सरकवत राहिल्या. मला कळेना. त्या म्हणाल्या, "इथे आईचं नाव होतं."

तुम्ही तुमच्या घरातलं कुठलंही जुनं भांडं बघा. कडेला किंवा गळ्यापाशी बारीक ठिपक्याठिपक्यांची अक्षरं सापडतील. 'चि. सौ. कां. अमुक हिस तमुक यांजकडून सप्रेम भेट', खाली गाव, कधी तारीख, कधी शके. भांडं घेतलं की दुकानातच नाव घालून मिळायचं. छिन्नीने टोचलेले ते ठिपके मुळात उथळ असतात, वर्षानुवर्षं घासून आणखी झिजलेले. चाकावर ते दोन मिनिटांत जातात. दादांची चूक नाही, त्यांना मी 'एकदम नवं करा' असंच सांगितलं होतं. मी ते नाव पाहिलं होतं का? पाहिलं असणार. हंडा मी दोनदा धुतला होता. माझ्यासाठी तो एक डाग होता, बाकीच्या डागांसारखा.

मी म्हटलं, काकू, मी परत घालून आणते, अगदी त्याच जागी. त्या म्हणाल्या, "नको गं. ते नवं नाव होईल." पैसे घेऊ नका म्हटलं तर ऐकेनात, पूर्ण देऊन गेल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. दिवा अजून त्यांच्या हॉलमध्ये आहे. आई सांगते, संध्याकाळी लावतात.

कोडमध्ये चूक झाली तर मी मागच्या आवृत्तीवर जाते. रोज जाते. कदाचित म्हणूनच, जे परत आणता येत नाही त्याची मला सवय नव्हती. त्या दिवसापासून कामाची पद्धत बदलली. भांडं आलं की धुण्याआधी सगळ्या बाजूंनी फोटो. अक्षरं असतील तिथे पातळ कागद ठेवून वरून पेन्सिल आडवी घासायची, ठसा कागदावर उतरतो. लहानपणी नाण्याचा काढायचो तसाच. मग मालकाला व्हॉट्सॲपवर सरळ विचारायचं. हे नाव ठेवू? हा पोचा ठेवू? भोक पाडू? प्रत्येकाचं 'हो' वेगळं आलं तरच हात लावायचा. आणि मी आता बफिंगला काहीच टाकत नाही.

बाजारातल्या बेवारस भांड्यांवरची नावंही ठेवते. आधी वाटलं, गिऱ्हाइकाला दुसऱ्याचं नाव घरात कशाला हवं असेल? पण उलटंच होतं. लोक आधी ते वाचतात. खरेदीच्या ठशाचा कागद मी खोक्यात घालून देते.

करंट भांड्याला उतरू नये

कमिशन असो की बाजारातला माल, दिवा म्हटला की वायरिंग आलं, आणि इथे मी कुणाचंही ऐकत नाही. धातूचं भांडं आणि आत २३० व्होल्ट. आतल्या वायरचं आवरण कडेला घासून कापलं गेलं की सगळं भांडं जिवंत होतं. म्हणून तीन तारांची वायर, तीन पिनांचा प्लग आणि अर्थिंगची हिरवी तार भांड्यालाच घट्ट कसलेली. दोन पिनांवर धातूचा दिवा विकणारे बरेच दिसतात. स्वस्त पडतं, पण घेऊ नका. वायर जिथून धातूतून बाहेर येते तिथे रबराची चकती बसवायची. आत वायरला गाठ मारायची, म्हणजे कुणी ओढली तर ताण स्क्रूवर येत नाही. आट्याचा होल्डर असेल तर फेज मधल्या टोकाला, बाहेरच्या आट्यांना न्यूट्रल. बल्ब एलईडीच, उष्णता कमी. शेवटी मल्टिमीटर. प्लगची अर्थ पिन आणि भांडं यांच्यात बीप वाजलाच पाहिजे, फेज पिन आणि भांडं यांच्यात वाजता कामा नये. हे जमत नसेल तर इलेक्ट्रिशियनला दोनशे रुपये द्या. आणि ज्या घरात गिऱ्हाइकाच्या सॉकेटलाच अर्थिंग नाही तिथे माझी हिरवी तार काही करू शकत नाही, हेही मी त्यांना सांगते.

भोक शक्यतो पाडत नाही. कळशीच्या तोंडावर बसेल असं लाकडी झाकण करून त्यावर होल्डर बसवते, वायर झाकणातून बाहेर, अर्थिंगची तार काठाला क्लिपने. उद्या कुणाला परत पाणी भरायचं असेल तर झाकण काढा, झालं. कुंडी करतानाही तेच. आत प्लास्टिकची कुंडी ठेवायची. माती आणि खत थेट पितळेत घातलं तर भांडं आतून हिरवं पडतं आणि झाडालाही तांबं मानवत नाही.

काही गोष्टींना मी हातच लावत नाही. जुनी इस्त्री आणि टोस्टर, कारण आत ॲस्बेस्टॉस असू शकतं. रंगाचे पापुद्रे निघणारी जुनी दारं-खिडक्या, कारण घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा आपल्याकडे २०१७ च्या नोव्हेंबरात लागू झाली. त्याआधीच्या रंगात काय असेल सांगता येत नाही, आणि कोरडं सँडपेपर मारलं की ती धूळ थेट नाकात. आणि व्हॉल्व्हचे रेडिओ. काहींत ट्रान्सफॉर्मरच नसतो, आतली लोखंडी चौकट थेट मेन्सला जोडलेली असते. शिवाय चालू होऊ शकणारा रेडिओ आतून रिकामा करून ब्लूटूथ स्पीकर बसवणं मला पटत नाही. त्यावरून मला खूप ऐकून घ्यावं लागतं. चालेल.

कायदा, थोडक्यात

शंभर वर्षं झालेली कलाकुसरीची वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येऊ शकते. अशा वस्तूंचा व्यापार करायला परवाना लागतो, आणि खासगी माणसाला त्या देशाबाहेर पाठवता येत नाहीत. 'भांड्याला काय होतंय' असं मलाही वाटायचं. मग एका घंगाळावर शके १८४१ सापडलं. शकात ७८ मिळवा, म्हणजे १९१९. मी ते विकायला काढलंच नाही, घरी आहे. म्हणजे बघा, 'शंभर वर्षं जुनं' असं जाहिरातीत ठोकून देणारे स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतायत. न्यू जर्सीहून एका ताईंनी समई-दिवा मागवला होता, तेव्हा पुरातत्त्व खात्याकडून ती पुरावस्तू नसल्याचा दाखला घ्यावा लागतो हे कळलं. त्यांनी शेवटी इथे येऊन हातात बघून घ्यायचं ठरवलंय.

जीएसटीचं असं, की फक्त वस्तू विकणाऱ्याला महाराष्ट्रात वर्षाच्या ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही. पण माल राज्याबाहेर गेला की नियम बदलतात. ठरावीक हस्तकलेच्या वस्तूंना तिथेही सवलत आहे, पण तुमची वस्तू त्या यादीत बसते का ते सीएला विचारा. हजार-पंधराशे जातील, झोप लागेल.

नोकरीवाल्यांनी आधी आपलं ऑफर लेटर उघडा. माझ्यात बाहेरच्या कामाबद्दल एक कलम होतं, सात महिने मी ते वाचलंच नव्हतं. मग ईमेलने परवानगी मागितली. तीन आठवडे उत्तर नाही, पोटात गोळा. शेवटी 'ऑफिसच्या वेळेत आणि ऑफिसच्या लॅपटॉपवर नको' एवढ्या अटीवर मिळाली. आणि नाही, नोकरी सोडणार नाहीये. महिन्याला चार ते सहा वस्तू होतात. त्यापेक्षा जास्त करायच्या तर नावं वाचायला वेळ उरणार नाही.

आजीच्या भांड्यांबद्दल

ज्या ताईंनी विचारलं होतं त्यांच्यासाठी. तुमच्या यादीत बंब आहे असं लिहिलंय. फोटोत मधलं नळकांडं, खालची राखेची जाळी आणि नळ, तिन्ही जागेवर दिसतायत. तो आधी पाण्याने भरून रात्रभर परसात ठेवा. सकाळी खाली ओल नसेल तर तुमचा बंब चालू आहे, आणि चालू बंबाचा दिवा मी करणार नाही. सांध्यातून ठिबकत असेल तर तांबट आळीत दाखवा, सांधून मिळेल. वापरायचा नसेलच, तर न कापता वर रबरी बुटकुल्या लावून जाड काच ठेवा, बाजूचं टेबल होतं. माझी गरज नाही.

बाकी भांड्यांचे, आधी अंगभर फोटो काढून पाठवा. न घासता. आणि आजीला विचारा कुठलं भांडं कुणी दिलं होतं. रेकॉर्ड करून ठेवा, फोन हातात आहेच.

पुढच्या भागात मल्टिमीटर घेऊन बसणार आहे, वायरिंगवर सविस्तर. प्रश्न पाठवत राहा. भेटू!